प्रगतीपुस्तकातले दोन रकाने

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग नेहमीपेक्षा थोडा लांब आहे. मधेच सोडू नका, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जरा उशिरा येणार आहे.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या दोन-तीन महिन्यांत एकाच धाटणीच्या व्हॉइस नोट्स येतायत. "ताई, भाची सहावीत आहे, एकदम सुटलीय, काहीतरी डाएट सांगा ना." "मॅडम, माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहतो, उंचीची पावडर देऊ का?" "मुलगा खातो भरपूर, पण खाल्लेलं अंगी लागत नाही." आणि एक नोट फक्त सहा सेकंदांची होती. "अकरा वर्षांच्या मुलीचं वजन किती पाहिजे?" बस, एवढंच.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, कराडला माझी ओपीडी आहे. दहा ते तेरा वयाची मुलं आजारी अशी फार पडत नाहीत. लसीकरणाचे बहुतेक दिवस संपलेले असतात, सर्दी-खोकला आई घरीच निस्तरते. या वयातली निम्मी मुलं माझ्याकडे येतात ती वजन आणि उंचीसाठीच. त्यामुळे आज बोलते ते पुस्तकातलंही आहे आणि टेबलासमोरच्या खुर्चीतलंही. मुलांच्या गोष्टी सांगताना ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, हे आधीच सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून मुलं नाहीत, मला माहितीये. पण तुम्ही कुणाचे तरी दादा, ताई, मामा, मावशी, काका, आत्या आहात. घरात "जरा गूगल करून बघ रे" असं तुम्हालाच सांगितलं जातं. आणि खरं सांगू का, लग्नाच्या हॉलमध्ये "काय रे ढोल्या, किती झालं वजन?" असं म्हणणारेसुद्धा पुष्कळदा तुम्हीच असता. (हसते.) म्हणून तुमच्याशीच बोलते.

आता दोन मुलं सांगते.

पहिली मुलगी, वय अकरा. आई आणि आत्या दोघी घेऊन आल्या. आईने खुर्चीत बसता बसताच सुरुवात केली, "मॅडम, वर्षात सहा किलो वाढली होती हो. आत्तापासूनच असं तर पुढे कसं व्हायचं? पण आता जरा उतरतंय." मुलगी शेजारी उभी, नजर फरशीवर. काट्यावर उभं केलं, साडेपस्तीस किलो. जूनमध्ये अडतीस होतं आणि आम्ही बोलत होतो सप्टेंबरमध्ये. तीन महिन्यांत अडीच किलो कमी झाल्याचा आईला आनंद होता. मला नव्हता.

मी म्हटलं, मागच्या वर्षीचं प्रगतीपुस्तक घरी आहे का? आत्याने मोबाईलवर फोटो मागवला. पाचवीच्या जूनमध्ये उंची १३८ सेंटिमीटर, वजन ३२ किलो. सहावीच्या जूनमध्ये उंची १४६, वजन ३८. म्हणजे एका वर्षात पोरगी आठ सेंटिमीटर वाढली होती. सहा किलो दिसले सगळ्यांना, आठ सेंटिमीटर कुणालाच दिसले नाहीत. जूनमधला तिचा आकडा तिच्या वयाला, तिच्या उंचीला अगदी ठीक होता. त्यानंतर घरात भात बंद झाला, संध्याकाळी यूट्यूबवरचं सूप सुरू झालं, आणि मुलीने स्वतःच्या मनाने डबा मैत्रिणीला द्यायला सुरुवात केली. प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर आली होती. ते आईला माझ्यासमोरच कळलं.

दुसरा मुलगा, तोही अकराचा. त्याला आजोबा घेऊन आले खोकल्यासाठी. वजनाबद्दल कुणाची काही तक्रारच नव्हती. गुबगुबीत पोरगा, खात्यापित्या घरचा. "जरा आळशी आहे, बाकी तब्येतीने चांगला," आजोबा म्हणाले. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाची उंची घेतोच, तशी घेतली. साडे एकशे पस्तीस. आमच्याच कागदावर वर्षापूर्वीची नोंद होती, १३४. वर्षभरात दीड सेंटिमीटर! आणि वजन ३७ वरून ४१. मग एकेक विचारत गेले. शौचाला कडक होते, पंखा लावला की कुडकुडतो, कातडी कोरडी, वर्गात झोपतो. थायरॉईडची तपासणी केली तर ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. रोज सकाळी एक छोटी गोळी सुरू झाली. पुढच्या वर्षभरात तो नऊ सेंटिमीटर वाढला, आणि आजोबांच्या भाषेत सांगायचं तर "पोरगं जागं झालं".

बघा, जिची सगळ्यांना काळजी होती तिला काहीच झालेलं नव्हतं, आणि ज्याची कुणालाच काळजी नव्हती त्याला औषधाची गरज होती. दोन्हीकडे घरच्यांनी आरसा पाहिला, शेजारचं पोर पाहिलं, वजनाचा आकडा पाहिला. आज मला एवढंच सांगायचंय की या वयात एक सुटा आकडा काही बोलत नाही. दोन तारखांचे चार आकडे बोलतात. त्या सहा सेकंदांच्या व्हॉइस नोटचं उत्तर म्हणूनच मी दिलं नाही. मी उलट विचारलं, उंची किती, आणि मागच्या वर्षी दोन्ही किती होतं?

आता शरीरात काय चालतं ते थोडं समजून घेऊ. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जरा जास्त, कंटाळा आणणार नाही.

चार-पाच वर्षांपासून ते वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं, आणि दोन-तीन किलो. अगदी संथ. मग वयात येण्याचा काळ सुरू होतो. मुलींमध्ये तो आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होऊ शकतो, मुलांमध्ये नऊ ते चौदाच्या दरम्यान. हा पट्टा किती रुंद आहे बघा. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींमध्ये, दोघीही पूर्ण निरोगी असताना, चार वर्षांचं अंतर असू शकतं. सहावीच्या वर्गाचा फोटो काढा, त्यात काही जणी ताईसारख्या दिसतात आणि काही मुलगे तिसरीतले वाटतात. ते तसंच असतं.

मुलींची उंचीची मोठी झेप साधारण साडेअकरा-बाराच्या आसपास येते, वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर. मुलांची झेप दोन वर्षं उशिरा, साडेतेरा-चौदाला, वर्षाला नऊ-दहा. म्हणून सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि नववीत चित्र उलटतं. आणि पुष्कळ मुलांत या झेपेच्या थोडं आधी शरीर साठा करतं. पोट जरा सुटतं, गाल भरतात, मुलींच्या मांड्या-कंबर भरते. घरातल्या बायका नेमकी हीच वेळ पकडून "आता हिला आवरा" म्हणतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची शिदोरी काढून घेतल्यासारखं आहे ते.

मुलग्यांची एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती बोलते. वयात येताना पुष्कळ मुलग्यांची छाती थोडी वर येते, आतमध्ये नाण्याएवढी गाठ लागते, दुखतेसुद्धा. हॉर्मोनच्या चढ-उतारामुळे होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. पण तोपर्यंत पोरगा पोहायला जायचं बंद करतो, उन्हाळ्यातही जाकीट घालून बसतो, कारण मित्रांनी काहीतरी घाण नाव ठेवलेलं असतं. तुमचा धाकटा भाऊ असा अचानक टी-शर्ट काढेनासा झाला असेल तर दादा म्हणून बाजूला घेऊन सांगा, "अरे, पुष्कळांना होतं, जातं." आईपेक्षा तुमच्या तोंडून ते त्याला जास्त पटेल.

बरं, आता फोन. तुम्ही काय करता? वजन-उंची टाकून बीएमआय काढता. बीएमआय म्हणजे वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये, पुन्हा भागिले उंची. हिशोब बरोबर आहे, पण बहुतेक ॲपमधला निकाल मोठ्या माणसांसाठीचा असतो. तिथे साडेअठराच्या खाली आलं की लाल अक्षरात "वजन कमी" असं येतं. अकरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय सोळा-सतरा असणं अगदी नेहमीचं आहे! म्हणजे ॲप धडधाकट पोराला कुपोषित ठरवतं, आणि अकराव्या वर्षी बावीस आलं तर "छान" म्हणून पाठ थोपटतं, जेव्हा तिथे खरंच लक्ष द्यायला हवं असतं. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगीप्रमाणे तक्त्यावर बघायचा असतो.

आणि तो तक्ता आपला, भारतीय मुलांचा आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले. त्यामागच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्या बीएमआय तक्त्यावर वरच्या बाजूला दोन रेषा आहेत, २३ आणि २७ अशा नावाच्या. म्हणजे मूल याच वळणाने वाढत मोठं झालं तर प्रौढ वयात २३ किंवा २७ च्या जागी पोचेल, असा त्यांचा अर्थ. पहिली ओलांडली तर वजन जास्त, दुसरी ओलांडली तर लठ्ठपणा. आपल्या लोकांना मधुमेह आणि रक्तदाब कमी वजनावरच गाठतात, म्हणून रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा खाली ठेवल्यात. "आयएपी ग्रोथ चार्ट" असं शोधलंत तर मिळेल.

तक्त्यावर टिंब कुठे पडलं यापेक्षा मी जास्त बघते ती टिंबांची रेघ. काही मुलं जन्मभर खालच्या रेषेवरून चालतात, आई-बाबाही लहानखुरे असतात, ती मजेत असतात. घरचा अंदाज काढायचा सोपा हिशोब आहे. आई आणि बाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर त्यात तेरा मिळवा, मुलगी असेल तर तेरा वजा करा, आणि दोनने भागा. येईल त्याच्या साधारण आठ सेंटिमीटर इकडे-तिकडे मूल जाऊन पोचतं. आई १५२ आणि बाबा १६५ असतील तर मुलाचा अंदाज १६५ च्या आसपास येतो. त्याला सहा फूट करणारी पावडर जगात नाही. काळजी कधी करायची? मूल आपली रेघ सोडून वर किंवा खाली सरकायला लागलं की. वयात आलेलं नाही आणि वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढतंय, दाखवा. जाडही होतंय आणि उंचीही थांबलीय, नक्की दाखवा, कारण नुसतं जास्त खाऊन जाड झालेलं मूल साधारणपणे उंचीलाही वयापेक्षा थोडं पुढेच असतं. मघाचा मुलगा आठवा. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आजचा भाग वसूल.

आता हे आकडे आणायचे कुठून? शीर्षक वाचलंत ना. आपल्याकडच्या प्रगतीपुस्तकात मार्कांच्या पानाच्या आसपास दोन छोटे रकाने असतात, उंची आणि वजन, बऱ्याच शाळांत दोन्ही सत्रांचे. त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळे गणिताचे मार्क बघतात आणि सही करतात. पहिलीपासूनची पुस्तकं काढा. कपाटात, गादीखाली, कुठेतरी असतातच. फोटो काढा, तारखेप्रमाणे आकडे लिहा. पाच-सहा वर्षांची वाढ फुकट हातात येते. हां, काही ठिकाणी बाई मुलांनाच विचारून आकडा भरतात, आणि मागच्या वर्षीपेक्षा मूल बुटकं झालेलंही मी पाहिलंय! (हसते.) असा वेडावाकडा आकडा आला तर तो सोडून द्या, बाकीचे वापरा.

घरी मोजायचं असेल तर नीट मोजा. चप्पल नको, केस वर बांधलेले नकोत. टाचा, पार्श्वभाग, पाठ भिंतीला, नजर सरळ. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा आणि पेन्सिलने खूण करा, मग टेपने मोजा. शक्यतो सकाळी, कारण दिवसभरात मणके दाबले जाऊन संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. वजन नेहमी एकाच काट्यावर, दप्तर-पट्टा काढून. आणि सहा महिन्यांतून एकदा. फार तर तीन महिन्यांनी. रोज नाही, दर रविवारी नाही. रोज काट्यावर चढणारं बारा वर्षांचं मूल मला घाबरवतं.

काटा नसेल तर सुतळी घ्या. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, ती दुमडून निम्मी करा आणि कमरेभोवती फिरवा, खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध. टोकं आरामात भेटली तर छान. भेटलीच नाहीत तर पोटावर चरबी साठतेय. मोठ्यांनाही हे चालतं, करून बघा, पण आधी दार लावून घ्या.

अजून एक खूण, जी बघितली जाते पण ओळखली जात नाही. जाड मुलांच्या मानेवर मागे काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा येतो, काखेतही येतो. आया तो दगडाने घासतात, बेसन-हळद लावतात, "अंघोळ नीट करत नाही" म्हणून पोराला दोन फटके देतात. तो मळ नसतो. शरीराचं इन्शुलिन नीट चालत नाही याची ती खूण असते. घासून काय जाणार? अशा मुलाची साखर, रक्तदाब आणि लिव्हर एकदा तपासून घ्यायची.

आता, वजन खरंच जास्त असेल तर काय? इथे मी जरा कडक बोलते. वाढत्या मुलाला "डाएट" नको. बहुतेक जाड मुलांत आमचा हेतू वजन उतरवण्याचा नसतोच. वजन आहे तिथे थांबवायचं, निदान वाढीचा वेग कमी करायचा, आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. वर्षभर वजन स्थिर राहिलं आणि उंची सहा-सात सेंटिमीटर वाढली, की मूल न उतरता बारीक होतं. यात उपास नाही, भात बंद नाही, सूप नाही.

आणि एकट्या मुलाचं ताट वेगळं करू नका. हे मी रोज सांगते आणि रोज वाद होतो. बाबा सोफ्यावर वेफर्सचं पाकीट फोडून बसणार, धाकट्याला आइस्क्रीम, आणि हिला काकडी? ती काकडी खाते आणि रात्री फ्रिज उघडते. मग "चोरून खाते" म्हणून पुन्हा बोलणी. घरात जे यायला नको ते कुणासाठीच येऊ नये. गोड थंड पेयं, पाकिटातला ज्यूस, संध्याकाळच्या चहासोबतची बिस्किटांची थप्पी, इथून सुरुवात करा. भाकरी, आमटी, मटकीची उसळ, अंडं, ताक, शेंगदाण्याची चटणी, मूठभर फुटाणे, यात काही महाग नाही. वडापाव? रविवारी सगळ्यांनी मिळून खा, एकेक. त्याचं पाप कुणाच्या माथी मारायचं नाही.

रोज तासभर घाम येईल असं खेळणं, एवढी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेची पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आपल्याकडे सहावीपासून शिकवणी लागते आणि खेळाचा तास तिथेच संपतो, तर कुठून येणार तो तास? इथे दादा-ताईंचं काम आहे. "जा, खेळ" म्हणू नका, सोबत जा. बॅडमिंटन, कबड्डी, नुसती सायकल. झोप नऊ तासांच्या वर हवी. अकरा वाजेपर्यंत रील बघून सहाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसणाऱ्या पोराला ती कशी मिळणार, हा हिशोब तुम्हीच करा.

आणि आता बोलण्याबद्दल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे मानसिक आजार या दोन्हींवर एकत्र सल्ला दिला होता. त्यात पालकांना सांगितलंय की डाएटचा आग्रह नको, मुलाच्या वजनावर बोलणं नको, टोमणे तर मुळीच नकोत. एकत्र बसून जेवा. कारण वजनावरून बोललेली मुलं बारीक होत नाहीत. ती लपून खातात, नाहीतर खाणंच सोडतात. मघाची मुलगी पुन्हा नीट जेवायला लागायला पाच महिने गेले. वजन आता ठीक आहे. पण ती अजून काट्यावर चढताना डोळे मिटते. मी आकडा मोठ्याने बोलत नाही, नुसता लिहिते.

तुमच्या आत्याला, आजीला तुम्ही बदलू शकणार नाही. पण लग्नात कुणी "अगंबाई, किती फुगलीस!" म्हटलं की विषय बदलता येतो ना? "आजी, तिने चित्रकलेच्या परीक्षेत काय काढलंय ते बघितलंस का?" झालं. एवढं पुरतं.

बारीक मुलांवर थोडक्यात. आपल्याकडे लठ्ठपणाची चर्चा इतकी झालीय की दुसरी बाजू विसरतो. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या मुलांत २४ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी होती आणि वजन जास्त असलेली ५ टक्के. रक्त कमी असणारी २८ टक्के. म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून देऊ देऊ नका. जेवणानंतर घ्यायची, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. जंताची गोळीही घ्यायची. शाळेत डॉक्टरांचं पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच तो सुरू झाला. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

आणि पावडरी. दुधात घालायच्या गोड पावडरींना "हेल्थ ड्रिंक" म्हणायची आपल्याला सवय. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं की अशी पेयं "हेल्थ ड्रिंक"च्या यादीतून काढा, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा प्रकारच नाही. डब्याच्या मागे साखर किती ते वाचा. तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी येतात. लोंबकळल्याने हाडं लांब होत नाहीत. उंचीचं चूर्ण विकणाऱ्या रीलखाली मला टॅग करणं कृपया थांबवा.

सुरुवातीला म्हटलं होतं ते आता. वजन कमी होणं ही या वयात आनंदाची बातमी नसते. मूल पोटभर खातंय तरी उतरतंय, सारखं पाणी पितंय, रात्री लघवीला उठतंय, किंवा बरीच वर्षं बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, तर हा लहान मुलांमधला मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी साखर तपासा, परवा नाही. बोटातून एक थेंब रक्त, मिनिटाभराचं काम. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला असेल तर थेट हॉस्पिटल. "परीक्षेचं टेन्शन असेल, रविवारी दाखवू" म्हणत थांबलेली मुलं बेशुद्धावस्थेत आलेली मी पाहिलीयत. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप आणि वजन घटतंय, तर टीबीची तपासणी. आणि मुद्दाम न जेवणारी, जेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसणारी मुलगी किंवा मुलगा, तर बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघांकडे.

शेवटी दोन प्रश्न घेते आणि सोडते.

एका ताईने विचारलंय, "बहिणीला दहाव्या वर्षी पाळी आली, आता उंची थांबली का?" लगेच नाही. पाळी येते तोवर मोठी झेप बहुतेक होऊन गेलेली असते, पण त्यानंतरही साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढ होते. पाळी लांबवायची इंजेक्शनं उंचीसाठी द्या म्हणून हट्ट करू नका. ती फार लवकर वयात येणाऱ्या मुलींसाठी असतात. मुलीमध्ये आठच्या आधी आणि मुलग्यामध्ये नऊच्या आधी खुणा दिसल्या तर मात्र वेळ घालवू नका, दाखवा. तसंच उलटं, मुलगी तेरा पूर्ण आणि मुलगा चौदा पूर्ण झाला तरी काहीच खुणा नाहीत, तरी दाखवा.

दुसरा, "बारा वर्षांच्या भावाला जिममध्ये नेऊ का, उंची खुंटेल का?" शिकवणारा जाणता असेल आणि वजनं हलकी असतील तर उंची खुंटत नाही. पण बाराव्या वर्षी आरशासमोर उभं राहून दंड मोजण्यापेक्षा त्याने मैदानावर जाऊन गुडघे फोडून यावेत, असं माझं मत. आणि तुमचा तो प्रोटीनचा डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

प्रगतीपुस्तकांचे फोटो काढून आकडे तारखेसह पाठवलेत तर तक्त्यावर टिंबं कशी द्यायची ते पुढच्या भागात करून दाखवते. नाव, शाळा झाकून पाठवा हं. भेटू.